प्रिंटर पुन्हा पुन्हा ‘ऑफलाइन’ होतो तेव्हा: इन्स्टॉलेशनची दुरुस्ती आणि सपोर्टशी व्यवहार

प्रिंटरचे सॉफ्टवेअर बसते, चाचणीचे पान स्वच्छ निघते, आठ-पंधरा दिवस काम सुरळीत चालते आणि मग एके सकाळी, बहुतेकदा रात्री विंडोजचे अपडेट होऊन गेल्यावर, तोच प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो किंवा त्याच्या नावाखाली ‘ड्रायव्हर उपलब्ध नाही’ अशी ओळ येते. (ड्रायव्हर म्हणजे संगणकाला तो प्रिंटर चालवता यावा म्हणून बसवलेले सॉफ्टवेअर.) कार्यालयातले कोणीतरी पुन्हा सेटअप चालवते, प्रिंटर सुरू होतो आणि काही दिवसांनी हेच सारे पहिल्यापासून घडते. अशा वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारीत दोष सहसा नव्या सॉफ्टवेअरचा नसतो. आधीच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनने संगणकात जे मागे सोडलेले असते, त्याच्यावरच नवे सॉफ्टवेअर जाऊन बसते. आणि ग्राहकसेवा केंद्रातून मिळणारा पहिला सल्लाही ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ असाच असल्यामुळे थरावर थर चढत जातात. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात सेटअप चालवण्याची पायरी बरीच उशिरा येते.

येथे मुख्यतः विंडोज 10 आणि 11 वर चालणाऱ्या, यूएसबी केबलने जोडलेल्या लहान लेझर प्रिंटरचा विचार केला आहे. वकिलांची कार्यालये, कर सल्लागार, झेरॉक्सची दुकाने, आपले सरकार सेवा केंद्रे अशा ठिकाणी हे प्रिंटर वर्षानुवर्षे राबताना दिसतात. एचपीचा लेझरजेट 1020 आणि कॅननचा एलबीपी2900 ही त्यांतली सर्वांच्या ओळखीची नावे. हे दोन्ही प्रिंटर ‘होस्ट-बेस्ड’ प्रकारचे आहेत, म्हणजे पानावर कोणता ठिपका कोठे पडेल याची आकडेमोड प्रिंटर स्वतः करत नाही. ती संगणकातला ड्रायव्हर करतो आणि तयार चित्र तेवढे प्रिंटरकडे पाठवतो. लेझरजेट 1020 तर इतका परावलंबी आहे की चालू केल्यावर दर वेळी तो स्वतःचे फर्मवेअरही, म्हणजे यंत्राच्या आत चालणारे मूळ सॉफ्टवेअरही, संगणकाकडून मागून घेतो. अशा यंत्राच्या बाबतीत ड्रायव्हर हा निम्मा प्रिंटरच असतो, त्यामुळे ‘जवळपासच्या मॉडेलचा’ ड्रायव्हर टाकून वेळ मारून नेता येत नाही. प्रिंटरला न समजणाऱ्या आज्ञाभाषेचा ड्रायव्हर बसला तर छपाई होतच नाही, किंवा प्रत्येक पानावर अगम्य चिन्हांची एखादी ओळ येऊन ट्रेमधला सारा कागद बाहेर पडतो. हे दिसल्यावर केबल आणि टोनर तपासत न बसता थेट ड्रायव्हरचे नाव पाहावे.

दोष नेमका कोठे आहे

पहिला प्रश्न प्रिंटर बिघडला आहे की संगणक, हा आहे, आणि त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. ज्या प्रिंटरवर बटण आहे त्यावर ते काही सेकंद दाबून धरल्यास बहुधा संगणकाशिवाय चाचणीचे पान निघते. नेमकी पद्धत मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ज्यावर बटणच नाही, तो प्रिंटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. ही तपासणी थोडी वेळखाऊ आहे खरी, पण पुढे सपोर्टच्या माणसाशी बोलताना तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही. केबल यूएसबी हबमधून न नेता थेट संगणकाला लावावी आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधील यादीत, ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ ही नोंद दिसते का, ते पाहावे. ती दिसत नसेल, तर ड्रायव्हरचा प्रश्न पुढचा. आधी केबल, खाच किंवा प्रिंटरचे सर्किट यांपैकी एकात बिघाड आहे.

नोंद दिसत असेल तर प्रिंटरची यादी उघडावी. एकाच प्रिंटरची दोन-तीन नावे, त्यांतल्या एका-दोघांपुढे ‘कॉपी 1’, ‘कॉपी 2’ असे शेपूट, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. टेबल पुसताना केबल निघाली आणि पुढच्या खाचेऐवजी मागच्या खाचेत गेली, एवढ्यानेही विंडोज जुन्या प्रिंटरला नवा समजू शकते. मग जुन्या नावाकडे यूएसबी001 हे पोर्ट, म्हणजे छपाईचे काम जेथे पाठवले जाते ते ठिकाण, राहते, नव्या नावाला यूएसबी002 मिळते आणि वर्ड किंवा टॅली मात्र सवयीप्रमाणे जुन्याच नावाकडे काम पाठवत राहते. जुने नाव ‘ऑफलाइन’ दिसते, कारण त्या पोर्टवर खरोखरच कोणी नसते. अशा वेळी काहीही इन्स्टॉल करण्याची गरज नाही. जुन्या नावाच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘पोर्ट्स’ या टॅबवर दुसऱ्या यूएसबी पोर्टपुढे खूण करावी, चाचणीचे पान काढावे, आणि ते निघाले की ‘कॉपी’ची नावे यादीतून काढून टाकावीत. केबल कोणत्या खाचेत लावायची, ते त्या खाचेशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवणे हा उपाय बाळबोध वाटेल, पण तो टिकतो.

याच यादीत आणखी एक गोष्ट तपासावी. डीफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळा निवडला नाही तर ज्यावर छपाई जाते तो, विंडोजनेच ठरवावा, अशी सोय विंडोज 10 मध्ये 2015 च्या नोव्हेंबरमधील आवृत्तीपासून आली आणि ती चालू असेल तर ज्या प्रिंटरवर शेवटची छपाई झाली तोच आपोआप डीफॉल्ट होतो. एकदा ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ वापरून फाइल तयार केली की पुढची छपाई कागदावर उतरण्याऐवजी फाइलचे नाव विचारू लागते आणि ‘प्रिंटर पुन्हा गेला’ अशी हाकाटी होते. सेटिंग्जमधील ही सोय बंद करून डीफॉल्ट प्रिंटर स्वतः निवडावा.

कधी कधी एखादे अडकलेले काम सारी रांग अडवून धरते आणि ‘कॅन्सल’ केले तरी ‘डिलीटिंग’ असे दाखवत तसेच पडून राहते. अशा वेळी विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीतून ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सेवा, थांबवावा, सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टिम32, स्पूल, प्रिंटर्स अशा क्रमाने त्या फोल्डरपर्यंत जाऊन आतल्या फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. पुसायच्या त्या फक्त शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली; शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला हात लावू नये.

मुळापासून साफसफाई

वरच्या उपायांनी काम भागले नाही, तरच जुने सॉफ्टवेअर पूर्णपणे काढण्याकडे वळावे, आणि वळल्यावर ते अर्धवट सोडू नये. यादीतून प्रिंटर ‘रिमूव्ह’ केल्याने ड्रायव्हर जात नाही; फक्त ते नाव जाते. ड्रायव्हरच्या फाइली विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हर साठवून ठेवण्याच्या तिच्या कोठारात, तशाच राहतात आणि प्रिंटर पुन्हा जोडताच विंडोज मोठ्या तत्परतेने तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा लावते. ‘दहा वेळा काढून टाकले तरी तेच होते’ या तक्रारीचे उत्तर येथे आहे.

म्हणून प्रथम यूएसबी केबल काढावी. ॲप्सच्या यादीत प्रिंटरचे सॉफ्टवेअर असेल तर ते अनइन्स्टॉल करावे, मग प्रिंटरच्या यादीतील त्या मॉडेलची सर्व नावे काढावीत. त्यानंतर प्रिंटर आणि स्कॅनरच्या सेटिंग्जमध्ये खाली असलेले ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडावे आणि त्यातील ‘ड्रायव्हर्स’ या टॅबवर जावे. घरातल्या संगणकाला सर्व्हर कोठला, असा प्रश्न पडून बरेच जण या खिडकीत कधी डोकावत नाहीत, पण सारे अवशेष येथेच एका नजरेत दिसतात. त्या मॉडेलची नोंद निवडून ‘रिमूव्ह’ म्हटल्यावर दोन पर्याय येतात, नुसता ड्रायव्हर काढण्याचा आणि ड्रायव्हरसह पॅकेज काढण्याचा. यांपैकी दुसरा निवडावा. ‘ड्रायव्हर वापरात आहे’ असा नकार आला, तर प्रिंट स्पूलर पुन्हा सुरू करून लगेच, दुसरा कोणताही प्रोग्रॅम उघडण्याआधी, हीच कृती करावी. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून ‘प्रिंट क्यूज’खाली फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी अनइन्स्टॉल कराव्यात.

आता संगणक ‘रिस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाबतीत पाटी खऱ्या अर्थाने कोरी होते ती फक्त रिस्टार्टने.

सेटअप चालवताना

ड्रायव्हर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारे प्रोग्रॅम मी कोणालाही सुचवत नाही, कारण ते काय बसवतात हे नंतर शोधून काढणे ही एक स्वतंत्र दुरुस्ती होऊन बसते. फाइल उतरवण्याआधी सेटिंग्जमधील ‘अबाउट’ पानावर प्रणालीचा प्रकार पाहावा. 64 बिटच्या विंडोजवर 32 बिटचा ड्रायव्हर चालत नाही. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपवर इतर प्रोग्रॅम अनुकरणाने चालतात, पण ड्रायव्हर चालत नाहीत. त्यासाठी एआरएम64 चा स्वतंत्र ड्रायव्हर उत्पादकाने काढलेला असावा लागतो आणि जुन्या होस्ट-बेस्ड प्रिंटरसाठी तो मिळण्याची आशा धरू नये. काही लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये विकले जातात, त्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर या ॲपच्या दुकानाबाहेरचे कोणतेही सेटअप चालत नाही. एस मोडमधून फुकट बाहेर पडता येते, मात्र परत जाता येत नाही. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाची सोय आली आहे. ती चालू केल्यास उत्पादकांचे ड्रायव्हर बाद होतात, म्हणून सेटअप विनाकारण नकार देत असेल तर हे एकदा पाहून घ्यावे.

नव्या प्रिंटरच्या यूएसबी खाचेवर ‘सांगितल्याशिवाय केबल जोडू नका’ असा स्टिकर असतो आणि तो बहुतेक जण पहिल्याच मिनिटात काढून फेकतात. त्यामागे कारण आहे. ड्रायव्हर नसताना केबल जोडली, तर विंडोज स्वतःच्या बुद्धीने एखादा सर्वसाधारण ड्रायव्हर लावते किंवा प्रिंटरला ‘अनस्पेसिफाइड’ या गटात टाकते, आणि मग मूळ सेटअपला तो प्रिंटर सापडत नाही. सेटअपवर उजवी क्लिक करून ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे आणि त्याने सांगितल्यावरच केबल जोडावी. सेटअप मध्येच 1603 हा क्रमांक दाखवून थांबले, तर तो विंडोज इन्स्टॉलरचा सरसकट ‘जमले नाही’ असा निरोप आहे, प्रिंटरचा दोष नव्हे. अर्धवट राहिलेले अपडेट, फोल्डरच्या परवानग्या किंवा अँटिव्हायरस यांकडे आधी पाहावे. तरीही सेटअप अडलेच तर फाइल एखाद्या फोल्डरमध्ये मोकळी करून, प्रिंटर हाताने जोडण्याच्या खिडकीतील ‘हॅव डिस्क’ या पर्यायातून तिच्यातील आयएनएफ फाइल, म्हणजे ड्रायव्हर कसा बसवायचा याच्या सूचनांची फाइल, दाखवावी. सोबतचे शाई मोजणारे, जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम त्यामुळे टळतात, आणि माझ्या मते ते टळलेलेच बरे.

बसलेला ड्रायव्हर चालू लागला की त्या सेटअपची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. उत्पादकांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केला. उत्पादकाकडून घेतलेला ड्रायव्हर स्वतः बसवण्यास त्यात मज्जाव नाही, पण ‘विंडोज शोधून देईल’ या भरवशावर जुना प्रिंटर ठेवण्याचे दिवस सरत आले आहेत.

वायफाय आणि सामायिक प्रिंटर

वायफायवरील प्रिंटर ‘ऑफलाइन’ होण्याचे कारण बहुधा डब्ल्यूएसडी नावाचे, नेटवर्कवरील प्रिंटर आपोआप शोधणारे पोर्ट असते, जे सेटअपने आपणहून निवडलेले असते. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) राखून ठेवावा, त्या पत्त्यावर ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी’ पोर्ट तयार करावे आणि प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसत राहिला तर त्या पोर्टच्या रचनेतील ‘एसएनएमपी स्टेटस’ची, म्हणजे प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहण्याच्या सोयीची, खूण काढावी. प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा असेल, तर त्या पट्ट्याचे नेटवर्क राउटरवर चालू असायला हवे, आणि प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर मुळीच जोडू नये.

एका संगणकाचा प्रिंटर दुसऱ्यावर सामायिक करणाऱ्या कार्यालयांत 2021 पासून ज्या अडचणी वाढल्या, त्यांचे मूळ सुरक्षेत आहे. त्या वर्षी जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही स्पूलरमधील गंभीर उणीव उघड झाली, ऑगस्टच्या अपडेटने सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनची परवानगी सक्तीची केली आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर 11बी ने संपणारी त्रुटी अनेकांना दिसू लागली. त्या त्रुटीवर रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातील) एक नोंद बदलण्याचा तोडगा सर्वत्र फिरतो; त्याने छपाई सुरू होते, पण बंद केलेले दार पुन्हा उघडते. त्यापेक्षा दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करावेत आणि दोन्हींवर एकाच आवृत्तीचा ड्रायव्हर ॲडमिनच्या खात्यातून बसवावा.

सपोर्टशी बोलताना

सपोर्टला फोन करण्याआधी एका कागदावर मॉडेल क्रमांक, मागच्या स्टिकरवरील सिरीयल क्रमांक, खरेदीची तारीख, विंडोजची आवृत्ती आणि बिल्ड, ड्रायव्हरची आवृत्ती आणि त्रुटीचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा. ‘एरर येतेय’ एवढ्यावर समोरचा माणूस काहीही करू शकत नाही. पहिल्या फळीतल्या प्रतिनिधीपुढे ठरलेली प्रश्नावली असते आणि ती पूर्ण केल्याशिवाय तक्रार वर पाठवण्याची मुभा त्याला सहसा नसते, हे ध्यानात ठेवले तर चिडचिड कमी होते. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा ती प्रश्नावली आपणच लवकर संपवावी.

एका ओळखीच्या कार्यालयासाठी मी केलेल्या फोनवर संवाद साधारण असा झाला. प्रतिनिधी म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा.” मी सांगितले, “पॅकेजसकट काढले आहे, ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर आता एकही नोंद नाही, रिस्टार्ट केले आहे, दुसऱ्या लॅपटॉपवर हाच प्रिंटर याच केबलने छापतो आहे.” पलीकडे क्षणभर टायपिंगचा आवाज आला, मग तो म्हणाला, “मग विंडोज फॉरमॅट करावे लागेल.” येथे अनेक जण मान डोलावतात आणि टॅलीचा डेटा, डिजिटल सहीचा ड्रायव्हर, वर्षानुवर्षांची मांडणी पणाला लावतात. मी विचारले, “फॉरमॅट हा तुमच्या कंपनीचा लेखी सल्ला आहे का? असेल तर याच तक्रार क्रमांकावर ईमेलने पाठवा.” त्यानंतर तक्रार दुसऱ्या फळीकडे गेली आणि तेथील तंत्रज्ञाने विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधील सेटअप एपीआयची लॉग फाइल, म्हणजे ड्रायव्हर बसवताना काय घडले याची नोंद, मागितली, तीत ड्रायव्हरची स्वाक्षरी (तो अस्सल असल्याची डिजिटल खूण) नाकारली गेल्याची ओळ स्पष्ट होती. नव्या आवृत्तीचे सेटअप त्याने पाठवले आणि प्रश्न मिटला. ही लॉग फाइल आपणही उघडून शेवटचा भाग वाचू शकतो. उद्गारचिन्हे असलेल्या ओळी पाहाव्यात.

सपोर्टचा क्रमांक कोठून घ्यावा याबाबत मात्र काटेकोर राहावे. प्रिंटरचे नाव टाकून ‘हेल्पलाइन’ असा शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसणारा क्रमांक ही एखाद्या भामट्याने दिलेली जाहिरात असू शकते, आणि प्रिंटर सेटअपच्या अधिकृत पानांसारखी दिसणारी बनावट पानेही असतात. क्रमांक खोक्यावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरून घ्यावा. एनीडेस्क किंवा तत्सम ॲपने संगणकाचा ताबा मागितला गेला तर फोन आपण केला होता की त्यांनी, हे आधी आठवावे. विंडोजमधील घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील लाल खुणा दाखवून ‘व्हायरस आहे’ असे सांगणारा माणूस सपोर्टचा नव्हे. त्या खुणा धडधाकट संगणकातही असतात. दूरस्थ जोडणी चालू असताना बँकेचे पान उघडू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 वर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीला बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, तक्रार क्रमांक आणि त्रुटींची छायाचित्रे जोडावीत. टोल-फ्री क्रमांकावरील बोलण्याचा पुरावा आपल्या हाती राहत नाही, म्हणून प्रत्येक फोननंतर काय ठरले ते त्याच दिवशी कंपनीला ईमेलने कळवून त्या ईमेलची छापील प्रतही सोबत लावावी.